पांढरीखालची घरं

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत एखादं जुनं बैठं घर पाडून फ्लॅट स्कीम सुरू झाली, की सकाळी जेसीबी येतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत कॉलमचे खड्डे तयार असतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी शेजाऱ्यांना इनामगावच्या उत्खननाबद्दल सांगत होतो. घराच्या जमिनीखाली सापडलेल्या बाळांच्या रांजणांचा विषय निघाला, तशा शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरातच पुरत होते काय जी? भेव नव्हतं लागत त्यांना?" त्यांचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याचा प्रश्न वेगळा होता. "पण काका, एक मातीचं गाव खणायला पंधरा वर्षं कशाला लागतात?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मुलाच्या प्रश्नात दडलेलं आहे, म्हणून आधी खणण्याकडे बघू आणि मग भेवाकडे येऊ.

1. कोणतं गाव, कोणता काळ

माणूस शेती करायला, जनावरं पाळायला आणि एका जागी घर बांधून राहायला शिकला, पण हत्यारं मात्र दगडाचीच वापरत होता, त्या काळाला नवाश्मयुग म्हणतात. त्यापुढच्या टप्प्यावर दगडाच्या जोडीला थोडं तांबं आलं, ते ताम्रपाषाणयुग. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची जी गावं आपल्याला नीट माहीत आहेत, ती या दुसऱ्या टप्प्यातली. राहणी बरीचशी नवाश्मयुगासारखीच होती : कुडाची घरं, दगडी पाती, हाताने घडवलेले रांजण, आणि तांब्याचा एखादा मणी किंवा कुऱ्हाड.

प्रवरेकाठच्या जोर्वे गावी 1950-51मध्ये पुराविद हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या लाल रंगाच्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं. मग नेवासे, दायमाबाद, चांदोली अशी एकेक जागा पुढे आली. पण सगळ्यांत मोठं काम झालं ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची मुख्य नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची वस्ती त्यांनी उलगडली. त्यात शंभराहून जास्त घरं होती आणि दोनशेहून जास्त दफनं.

2. पांढरी आणि काळी

जुनं गाव जमिनीखाली आहे, हे कळतं कसं? आपल्या भाषेतच त्याचं उत्तर आहे. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, की चुलीची राख, शेण, चुना आणि पडलेल्या मातीच्या भिंती एकमेकांत मिसळून तिथली माती भुरी, फिकट होते. गाव उठून गेलं तरी माती तशीच राहते. पाऊस-वाऱ्याने गोल झालेलं पांढरीचं टेकाड मागे उरतं आणि त्यावर नांगर फिरला की खापरं वर येतात. आपल्याकडे प्लॉटच्या कागदांवर मौजाच्या नावापुढे कधीकधी कंसात 'रिठी' लिहिलेलं असतं. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. नाव दप्तरात राहिलं, माणसं गेली. पुराविद शोधतात ती अशीच, पण फार जुनी रिठं. त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत.

पांढरीच्या मातीला खत म्हणून मोठी मागणी असते. शेतकरी गाड्या भरभरून ती उचलून शेतात टाकत आले आहेत. महाराष्ट्रातली कित्येक टेकाडं अशीच विरघळून गेली. वाईट वाटतं, पण त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

3. भिंत गेली, खड्डा राहिला

इनामगावची घरं दगडाची नव्हती. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड, मध्ये लाकडी खांब आणि वर गवताचं छप्पर. तीन हजार वर्षांत लाकूड कुजलं, गवत गेलं, कूड मातीला मिळाला. मग घर सापडतं म्हणजे नेमकं काय सापडतं?

गणपतीचा मंडप आठवा. विसर्जनानंतर मंडप निघतो, रस्त्यातले बांबूचे खड्डे कुणीतरी माती लोटून बुजवतं. दोन महिन्यांनी तिथून चाललात तर ते गोल ठिगळ अजून ओळखू येतं : मातीचा रंग वेगळा, पायाला लागणारा मऊपणा वेगळा. चार ठिगळं एका रेषेत दिसली की मंडप कुठून कुठे होता हे सांगता येतं. घराच्या खांबांचंही तसंच. खांब कुजतो, त्याच्या खड्ड्यात वरची सैल, काळसर माती उतरते. आजूबाजूची चोपून सारवलेली जमीन मात्र घट्ट राहते. खुरपीने माती तासत गेलं आणि वर थोडं पाणी शिंपडलं, की हे गोल डाग उमटतात. इनामगावला असे डाग जोडत जोडत घरांचे आराखडे उभे राहिले. आधीच्या काळातली घरं चौकोनी, ऐसपैस, रांगेत बांधलेली आणि दोन रांगांमध्ये बोळ सोडलेली होती. शेवटच्या काळात झोपड्या लहान आणि गोल झाल्या.

आणि घराच्या आतही बरंच काही राहतं. चूल असते, भाजून लाल झालेल्या मातीची. चुन्याने लिंपलेलं धान्याचं पेव असतं. कुठे चार चपटे दगड चौकोनात मांडलेले दिसतात. त्यांवर धान्याचा चार पायांचा रांजण टेकवत असावेत, असं पुराविदांचं म्हणणं आहे. ज्यांच्या आजोळी धान्याची ढोली होती, त्यांना ही मांडणी समजायला वेळ लागणार नाही. धान्याला ओल लागू नये, उंदीर लागू नये म्हणून बूड जमिनीपासून उचललेलं हवं.

आता जेसीबीचा दात या जमिनीतून गेला असता तर? चूल एका घमेल्यात, खांबाचा डाग दुसऱ्या घमेल्यात. घर होतं हेच कळलं नसतं.

4. फरशीचा न्याय

घराखालचं दफन त्याच घरातल्या माणसांनी केलं, की शंभर वर्षांनी आलेल्या कुणी? हे ठरवायची पद्धत साधी आहे आणि ती नंदनवनातल्या कुठल्याही जुन्या घरात करून बघता येईल.

समजा, एका घरात 1975मध्ये कोबा झाला, 1990मध्ये त्यावर शहाबादी फरशी बसली आणि 2010मध्ये तिच्यावर टाईल्स. टाईल्स काढल्यावर खाली शहाबादीत पाईपसाठी फोडलेला एक लांब चर दिसला. चर शहाबादीतून आणि कोब्यातून आरपार गेला आहे, पण वरची टाईल अखंड होती. म्हणजे पाईप 1990नंतर आणि 2010आधी टाकला. चरातल्या मातीत 1998 सालचं नाणं सापडलं, तर पाईप 1998च्या आधीचा असू शकत नाही. प्लंबरला एकही प्रश्न न विचारता आपण 1998 ते 2010 इथवर आलो.

इनामगावला शहाबादीच्या जागी सारवलेली माती आहे. घरातली जमीन पुन्हा पुन्हा चोपली, सारवली जायची आणि तिचे पापुद्र्यासारखे थर एकावर एक चढायचे. दफनाचा खड्डा खालच्या थरातून कापत गेला असेल आणि वरच्या थराने तो नीट झाकला असेल, तर खड्डा भरल्यावरही त्या घरात कुणीतरी सारवण घालत होतं. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. माणूस पुरून लोक घर सोडून गेले नाहीत. तिथेच राहिले.

सनाचा अंदाज कोळशावरून आणि जळलेल्या धान्यावरून येतो. प्रत्येक सजीवात थोडा किरणोत्सर्गी कार्बन असतो. जीव गेला की तो नवा मिळणं थांबतं आणि असलेला ठरावीक गतीने घटत जातो. सुमारे 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. तीन हजार वर्षांपूर्वी जळलेल्या जवाच्या दाण्यात आज मूळच्या साधारण 70 टक्के उरलेला असतो. प्रयोगशाळा उरलेला भाग मोजते आणि वय काढते. अट एकच, तो दाणा नेमका कुठल्या थरातून आला हे खणणाऱ्याने लिहून ठेवलेलं हवं. थराची नोंद हुकली, तर हाती फक्त एक जुना दाणा उरतो.

5. दोन रांजणांत एक बाळ

इनामगावच्या दफनांत बरीचशी लहान मुलांची आहेत. पद्धत ठरलेली होती. घराच्या जमिनीत खड्डा घ्यायचा, राखाडी मातीचे दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि आत बाळ. सोबत एखादं लहान वाडगं, एखादं तोटीचं भांडं. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा कुजला नव्हता, आणि तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस निघाला. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते मणी त्या दोऱ्यात ओवले होते.

असा रांजण उघडायचा कसा, ते जवळून बघा. आधी जमिनीत फक्त एक लांबट डाग दिसतो. त्याची जागा मोजून कागदावर उतरवतात, फोटो घेतात. मग अर्ध्या डागातली माती काढतात. उरलेला अर्धा तसाच ठेवतात, म्हणजे खड्ड्याची उभी कड दिसते. रांजणाचा वरचा भाग मातीच्या भाराने बहुतेक वेळा खचलेला असतो. एकेक खापर नोंद करून उचलायचं. आत शिरलेली माती बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने सोडवायची, कारण तान्ह्या बाळाच्या बरगडीची जाडी आगपेटीच्या काडीपेक्षा फारशी जास्त नसते. निघालेली माती फेकायची नाही, बारीक चाळणीतून चाळायची. दातांचे कोंब त्यातच असतात. एका रांजणाला दिवस लागतात.

दातांचं महत्त्व फार. दुधाचे दात वीस, पहिला साधारण सहाव्या महिन्यात, सगळे अडीच-तीन वर्षांपर्यंत. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास. हिरडीच्या आत दात किती तयार झाला होता हे पाहिलं, की मूल किती महिन्यांचं होतं हे बरंच नेमकं सांगता येतं. इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केलं. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबादच्या मुलांच्या हाडांवर 2011मध्ये पुस्तकच लिहिलं. त्यांना दिसलं, की शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती. इसवी सनापूर्वी 1000च्या सुमारास पाऊस कमी झाला, शेती आटली, लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळले, असं ढवळीकरांचं मत होतं. हवामान खरंच किती बदललं यावर वाद आहे. पण चौकोनी घरांच्या गोल झोपड्या झाल्या आणि मुलं खुरटली, या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत, आणि दोन्ही जमिनीतून निघाल्या आहेत.

मोठ्या माणसांची तऱ्हा निराळी. त्यांना खड्ड्यात उताणं निजवलेलं असे, डोकं उत्तरेला. आणि पाय घोट्याच्या वरून तोडलेले. हे एकदा दिसलं असतं तर अपघात म्हटला असता. पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणून रीत म्हणावी लागते. मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असा पुराविदांचा तर्क आहे. तर्कच तो. हाडावर कारण लिहिलेलं नसतं.

6. चार पायांचा रांजण

या सगळ्या रीतीला एक ठळक अपवाद निघाला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं, इनामगावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक. लगत धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात मातीचा, फुगीर पोटाचा, चार पायांचा मोठा रांजण सापडला आणि त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय तोडलेले नव्हते.

हा गावाचा मुखिया असावा, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. मला ते पटतं, आणि कारण रांजणापेक्षा कोठारात आहे. त्या काळात नदीचं पाणी वळवायला लोकांनी दगड-मातीचा बांध घातला होता आणि सुमारे दोनशे मीटर लांबीचा पाट खोदला होता. एवढं काम एका कुटुंबाचं नव्हे. माणसं जमवणारा, कामाच्या दिवसांत त्यांना धान्य पुरवणारा कुणीतरी हवाच. कोठाराला लागून ज्याचं घर, त्यालाच धान्याच्या कणगीसारख्या दिसणाऱ्या रांजणात बसवलं, ही संगती मला महत्त्वाची वाटते.

पण लक्षात घ्या, ही संगती एका वर्षात लागलेली नाही. रांजण एका जागी, कोठार बाजूला, पाट पार गावाच्या कडेला. फक्त रांजणापुरता खड्डा घेतला असता तर "विचित्र दफन" एवढीच नोंद झाली असती.

7. हिवाळ्यामागून हिवाळे

आता इंजिनिअर मुलाचा प्रश्न. पूर्वी उत्खननं विहिरीसारखी व्हायची, लहान तोंडाची आणि खोल. त्यातून कुठल्या काळानंतर कुठला काळ हे कळायचं, पण गाव कळत नव्हतं. भाताच्या पातेल्यातलं एक शीत चेपून भात शिजला की नाही कळतं; पंगतीला कोण कुठे बसलं होतं, हे शितावरून कळत नाही. इनामगावला म्हणून आडवं, पसरट खणायचं ठरलं. जमीन चौकोनांत आखायची, दोन चौकोनांमध्ये न खणलेल्या मातीचा बांध सोडायचा, म्हणजे त्याच्या उभ्या कडेवर थर वाचता येतात. एक घर चार चौकोनांत पसरलेलं असलं, तर अर्धं यंदा आणि अर्धं पुढच्या वर्षी दिसणार.

हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाने माती दगडासारखी होईपर्यंत चालतो. मग उघडी पडलेली जमीन झाकायची, कारण काळ्या मातीला पाऊस लागला की ती फुगते आणि उन्हात भेगाळते. पावसाळ्यात खापरं धुवायची, जोडायची, हाडं तपासायची, नकाशे काढायचे. आणि गंमत अशी की पुढच्या वर्षी कुठे खणायचं, हे या पावसाळी कामातूनच ठरतं.

जगभर हेच चालतं. तुर्कस्तानातल्या चाताल ह्युयुक या नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन वस्तीत लोक निजायच्या ओट्यांखाली आपली माणसं पुरत. तिथलं एकच घर 1990च्या दशकात कित्येक हंगाम खणलं गेलं आणि त्याच्या जमिनीखाली साठाहून जास्त माणसं निघाली. भिंतींना दिलेल्या पांढऱ्या गिलाव्याचे थर फार बारकाईने मोजावे लागत होते. काश्मीरमधल्या बुर्झहोमलाही घरांच्या जमिनीखाली दफनं आहेत. इनामगावचे लोक काही जगावेगळं करत नव्हते.

8. भेव

काकूंना मी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, की तान्हं बाळ गेलं तर आपल्यात काय करतात? त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "जाळत नाही. पुरतो." उत्तरेला डोकं करून झोपू नको, असं आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून दरडावतात. लिंगायतांत आणि गोसाव्यांत आजही मृताला बसवून समाधी देतात. या रीती इनामगावपासून सलग चालत आल्या, असं मी म्हणणार नाही. मधल्या तीन हजार वर्षांचा पुरावा आपल्याकडे तसा सलग नाही. पण त्या लोकांचं वागणं आपल्याला अगदीच परकं नाही, एवढं मात्र नक्की.

ज्या बाळाला आई कडेवरून खाली ठेवत नव्हती, त्याला गावाबाहेर माळावर एकटं टाकणं, याचीच त्यांना जास्त भीती वाटत असेल. हा माझा अंदाज आहे. वर चढलेलं सारवण मात्र अंदाज नाही.

9. आपल्या दाराशी

विदर्भात पुढे अगदी उलटी रीत दिसते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड आल्यावर, नागपूरच्या आसपासच्या लोकांनी आपले मृत घरापासून दूर, खडकाळ माळावर, मोठ्या दगडांच्या वर्तुळांत ठेवले. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही त्यांची ठिकाणं. नागपूर विद्यापीठातून शां. भा. देव यांनी यातल्या अनेक जागा उघडल्या. माहुरझरीला माणसांसोबत घोडे पुरलेले निघाले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. गोल दगडांच्या या दफनांकडे इंग्रज अधिकाऱ्यांचं लक्ष 19व्या शतकातच गेलं होतं. त्या माणसांची राहती घरं मात्र फार थोडी उघडली गेली आहेत. म्हणजे पुण्याकडे घरासकट दफनं मिळाली, आणि आपल्याकडे दफनं भरपूर पण घरं मोजकी.

ती घरं कुठे असतील? पाणी असेल तिथे, नदीनाल्याच्या काठच्या पांढरीत. म्हणजे जिथे आज ले-आऊट पडताहेत, अशा जागीही.

जुनापाणी काटोल रस्त्यावर आहे, नंदनवनातून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे त्यांना दाखवा, आणि वर्तुळातला एकही दगड हलवू नका. आणि तुमच्या प्लॉटवर पाया खणताना राखेचा पट्टा, खापरांचा खच किंवा हाडं दिसली, तर जेसीबी तिथेच थांबवा, फोटो घ्या, काहीही उचलू नका आणि त्याच दिवशी पुरातत्त्व विभागाला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.